घंटेची जीभ

झातोनमध्ये धुकं पडतं असं म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. इथे धुकं पडत नाही, राहायला येतं. फेब्रुवारीत सकाळी डॅन्यूबच्या फाट्यावरून उठतं, बोरूच्या बेटांमधून वाट काढत येतं, आधी होड्या गिळतं, मग धक्का, मग आमच्या शाळेच्या पायऱ्या. मी इथलीच, जुना धर्म धरून इथे येऊन वसलेल्या लिपोवन कोळ्यांची लेक. गणित शिकवते आणि आठवीची वर्गशिक्षिका आहे. गणिताच्या बाईंना स्वप्नं पडत नाहीत असा मुलांचा समज आहे आणि तो मी कधी मोडला नाही. पण धुक्याच्या सकाळी फळ्याकडून खिडकीकडे वळले की मला हमखास वाटतं, बाहेर अजून जग व्हायचंय. देवाने नुसतं पाणी करून ठेवलंय आणि पुढे काय करावं याचा तो विचार करत बसलाय.

अशा ठिकाणी वेळ सांगायला काहीतरी खणखणीत लागतं. आमच्याकडे घंटा होती. बुडालेल्या कुठल्याशा गलबताची, जुन्या लोकांनी जाळ्यातून वर काढलेली, आणि शाळेच्या अंगणात वाळुंजाच्या फांदीला टांगलेली. तिच्या पोटात लोंबणारा लोखंडी लोलक, त्याला आम्ही घंटेची जीभ म्हणतो. ज्या मुलाची पाळी असेल त्याने दोरी ओढायची. पूर्वी पाळीवालं पोर धक्क्याकडे बघायचं, होडी आली असेल तर ओढायचं, नसेल तर नाक शिंकरत उभं राहायचं. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग ब्राइला शहरातून रेबेजा सर मुख्याध्यापक म्हणून आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, मनगटावर घड्याळ. पहिल्याच सभेत म्हणाले, "इथली मुलं हुशार आहेत. फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नाही की जग त्यांच्यासाठी थांबत नाही." आमचे खेळाचे मास्तर आर्तिओम मागून पुटपुटले, "सांगायला जग इथवर यायला पाहिजे ना." पण सरांचं मन वाईट नव्हतं. शाळेच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे, रविवारीसुद्धा मुलांच्या वह्या तपासायचे. त्यांना खरोखर वाटायचं की शिस्त म्हणजे एक पूल आहे, आणि तो बांधला की झातोनची मुलं त्यावरून चालत थेट मोठ्या शहरात पोचतील. आमच्याकडे पूल नाही, होड्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात यायला हिवाळा उलटला.

त्यांनी नियम केला. घड्याळात आठ वाजले की घंटा, आणि घंटा झाली की दार बंद. जो बाहेर राहिला तो त्या तासाला गैरहजर.

आता गैरहजेरी म्हणजे काय, ते सांगते. आमच्या देशात अभ्यासाचे गुण वेगळे, वर्तणुकीचे वेगळे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक पोराला वर्तणुकीत दहापैकी दहा. मग बिनपरवानगी गैरहजेरी साठत गेली की एकेक गुण झडतो. आठच्या खाली गेलात की तुल्चाच्या अध्यापक विद्यालयाचं दार कायमचं बंद. ज्याची स्वतःची वर्तणूक धड नाही तो पोरांना काय शिकवणार, असा सरकारी हिशेब आहे.

आणि माझ्या वर्गातल्या गाशाला त्याच विद्यालयात जायचं होतं.

गाशाचं घर फाट्याच्या पलीकडच्या वस्तीत. तिथल्या लहान पोरांना होडीत घालून आणायचं काम तिचंच, कारण वस्तीतले पुरुष मासेमारीला नाहीतर स्पेनला. तिचा बाप स्पेनलाच होता. वल्ही मारता मारता ती पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची. एक ठोका, एक ओळ. होडी दिसायच्या कितीतरी आधी धुक्यातून पाढा ऐकू यायचा. सात एके सात. सात दुणे चौदा. मी वर्गात खडू हातात घेऊन उभी राहायचे आणि मला वाटायचं, पाणीच पाढा म्हणतंय. ही मुलगी शिक्षिका होणार नाही तर कोण होणार? तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. बाहुलीशी खेळायच्या वयातही ही बाहुलीला कोपऱ्यात उभी करायची आणि मग तिची दया येऊन स्वतःच तिच्या शेजारी उभी राहायची.

पण धुकं घड्याळ बघत नाही. हिवाळाभर गाशाची होडी घंटेनंतर लागत राहिली, आणि वर्तणुकीचे दहा होते ते आठ झाले. आठही कसे, काठावरचे. आणखी एक गैरहजेरी आणि सात. मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पाण्यातून येते ती. रस्त्यावरून नाही." ते म्हणाले, "पेलागेयाबाई, आज तिच्यासाठी दार उघडं ठेवलं तर उद्या सगळ्यांसाठी ठेवावं लागेल. तिने थोडं आधी निघावं." उंटावरून शेळ्या हाकणं आणखी वेगळं काय असतं! पण त्यांच्या डोळ्यांत दुष्टावा नव्हता, म्हणून माझं तोंड बंद झालं. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

एका सकाळी गोष्ट फारच विचित्र झाली. फाट्यात बर्फाचे तुकडे वाहत होते. धुक्यातून पाढा येत होता. सात चोक अठ्ठावीस, सात पंचे पस्तीस. तेवढ्यात घंटा झाली, आणि पाढा भरभर यायला लागला, धावत सुटल्यासारखा, आणि मग एकदम तुटला. मी कान देऊन उभी राहिले. बेचाळीस आलंच नाही. त्या दिवशी पलीकडचं कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी गाशा आली, तिचा धाकटा भाऊ सावा तापाने घरी. "बर्फ होता बाई, मागे फिरलो," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली आणि सावाच्या तापाचं कारण लिहून तिची त्या दिवसाची गैरहजेरी परवानगीची लावली.

त्याच दिवशी घंटा वाजवायची पाळीही गाशाचीच होती. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी घंटेची जीभ नाहीशी झाली.

दोरी ओढली तर घंटा नुसतीच डोलली. आवाज नाही. पाळीवाल्या पोराने पुन्हा ओढली. वाळुंजावरचं दव तेवढं खाली पडलं. रेबेजा सर बाहेर आले, घंटेखाली वाकून आत बघू लागले, आणि कोणीतरी खुदकन हसलं.

मग जे दिवस आले ते मी अजून विसरलेले नाही. खरं सांगायचं तर ते फार सुंदर होते. शाळेतून वेळच निघून गेला होता. सर दर तासाला व्हरांड्यात येऊन टाळ्या वाजवायचे, पण धुक्यात टाळीचा आवाज ओल्या कपड्यासारखा पडायचा, कोणाला ऐकू जायचा नाही. एकदा त्यांनी घंटेवर पाना आपटून पाहिला, तर ती असली बेसूर कण्हली की शेजारच्या अंगणातला कुत्रा रडायला लागला. भूगोलाचा तास लांबत लांबत समुद्रापर्यंत जायचा. माझी अपूर्णांकांची उदाहरणं कधी सुरू झाली आणि कधी संपली ते मलाही कळायचं नाही. पोरं धुक्यातून एकेक करून उगवायची, बाकावर बसायची, आणि कोणालाच उशीर झालेला नसायचा, कारण उशीर व्हायला आधी काहीतरी सुरू व्हावं लागतं. पलीकडचा पाढा सावकाश यायचा, पूर्ण यायचा. सात सक बेचाळीस. सात साते एकोणपन्नास.

सरांना मात्र झोप नव्हती. त्यांनी आठवीला उभं केलं. "कोणी घेतली?" हाताची घडी, तोंडावर बोट. इतर वेळी ओरडून सांगावं लागतं, त्या दिवशी न सांगता. "शेवटची पाळी कोणाची होती?"

"माझी," गाशा म्हणाली.

"तू घेतलीस?"

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शाळेची वस्तू चोरली तर वर्तणुकीचा गुण जातोच. ती सांगत का नाही?" मी म्हटलं, "विचारून सांगणारी पोर नाही ती." ते म्हणाले, "सोमवारी शिक्षकांची सभा घेऊ. तोवर मी वाट बघतो."

त्या सोमवारपासून आमचे मोठे उपास सुरू होणार होते. त्याच्या आधीचा आठवडा लोण्याचा: घराघरांतून घावनांचा वास, साय, दही, पोटं तुडुंब. आणि त्या आठवड्याचा शेवटचा रविवार क्षमेचा. आमच्याकडे त्या दिवशी माणूस घरोघर जातो, दारात जमिनीपर्यंत वाकतो आणि म्हणतो, "चुकलंमाकलं असेल ते माफ करा." समोरच्याने म्हणायचं, "देव क्षमा करो, तुम्हीही मला करा." उत्तर मिळेपर्यंत वाकलेल्याने उठायचं नाही, आणि दोघांचं झाल्याशिवाय उपासाला सुरुवात नाही. काय चुकलं ते कोणी विचारत नाही, विचारायचं नसतंच. सून सासूसमोर वाकते, सासू सुनेसमोर. आर्तिओम मास्तरांचं आणि त्यांच्या शेजाऱ्याचं बदकांवरून वर्षभर वाजत असतं, ते दोघे तर एकमेकांसमोर एकदमच वाकतात आणि दरवर्षी डोकी आपटून घेतात. आणि एक जुनं सांगणं आहे: ज्याचं तोंड बघवत नाही, त्याचं दार पहिलं.

त्या रविवारी प्रार्थना आटोपून मी शाळेशेजारच्या माझ्या अंगणात उभी होते. धुक्यातून माणसं यायची, वाकायची, पुसट व्हायची. आपण जिवंत माणसांना भेटतोय की गेलेल्यांना, असा भास व्हावा इतकं सगळं मऊ होतं. तेवढ्यात गाशा दिसली, फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधलेली. पण ती माझ्याकडे आली नाही. ती सरळ शाळेच्या मागच्या खोलीकडे गेली. पायऱ्या चढली, आणि धुकं तिच्यामागे मिटलं.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे आली. वाकली, मी उत्तर दिलं, मीही वाकले. तिचे गाल लाल होते. "थंडी वाजतेय का गं?" मी विचारलं. "नाही बाई," म्हणाली आणि निघून गेली.

सोमवारी पलीकडची होडी आली, पण तिच्यात पाढा नव्हता. वल्ही गाशाची आई स्तेपानिदा मारत होती.

"गाशा कुठे?" मी धक्क्यावरून विचारलं.

"ती नाही येणार बाई. तिला उत्तर मिळालेलं नाही."

"कोणाकडून?"

"तुमच्या मोठ्या सरांकडून. काल वाकून वाकून परत आली पोरगी. आता त्याच्या उंबऱ्यात पाय कसा ठेवणार ती? तुम्हीच सांगा. रात्रीपासून पोटात अन्न नाही. उपास सुरू झाला म्हणावं तर झाला नाही, नाही म्हणावं तर घावनं संपली."

"अगं पण आज गैरहजेरी लागली तर सात होतील तिचे!"

"ठाऊक आहे तिला," स्तेपानिदा म्हणाली आणि होडी वळवली. "मी रडले, भांडले. म्हणते, वर्तणूकच सांभाळतेय."

शाळा सुटल्यावर सभा भरली. आम्ही सगळे शेगडीभोवती. रेबेजा सर उभे राहिले. रात्रभर झोपलेले नसावेत, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"मुलीने कबुली दिली आहे," ते म्हणाले. "काल स्वतः माझ्या दाराशी आली. वाकली आणि म्हणाली, सर, चुकलंमाकलं माफ करा. खरं सांगतो, मला भरून आलं. मी तिला शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले. कबुली दिली म्हणून मी तिला सांभाळूनही घेतलं असतं. आणि आज बघा, गैरहजर! म्हणजे दोन्हीकडून..."

"थांबा सर," आर्तिओम मास्तर म्हणाले. "ही कबुली असेल तर मीसुद्धा चोर. काल इतक्या दारांत वाकलोय की कंबर धरलीय माझी. आमच्या बदकवाल्यालाही पकडा, तो तर अट्टल."

मी सरांना रविवारची रीत सांगितली. वाकणं काय, उत्तर काय.

"हे मला माहीत आहे," सर म्हणाले. "आमच्याकडेही चर्चमध्ये पाद्री तसं काहीतरी म्हणतात. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन जेवतात. घरोघर कोण जातं?" मग त्यांचा आवाज बदलला. "आणि तशी रीत असेल, तर बाकी कोणी माझ्याकडे का नाही आलं? मी खिडकीतून बघत होतो. अख्खं गाव एकमेकांच्या दारात. मी कॉफी करून ठेवली होती, कप मांडले होते. माझ्या दाराशी फक्त ती आली. मग मी काय समजायचं?"

आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो. बाहेरचा माणूस, त्याला काय कळणार आपली रीत, असं प्रत्येकाने स्वतःला सांगितलं होतं, आणि ते सांगताना प्रत्येकाला बरंच वाटलं होतं. राग धरायला तोही एक चांगला कोपरा असतो.

मी उठले. खुर्ची बाजूला सारली आणि वाकले, बोटं फरशीला टेकेपर्यंत. गुडघा कुरकुरला. "रेबेजा सर, चुकलंमाकलं माफ करा. बोललेलं, न बोललेलं, मनात आणलेलं."

"बाई, हे काय करताय? उठा."

"उठता येत नाही सर. उत्तराशिवाय नाही."

आर्तिओम मास्तर कण्हत वाकले. मग भूगोलाच्या बाई, मग इतिहासाचे मास्तर, मग बाकीचे. सर एकटे उभे आणि सगळा शिक्षकवर्ग वाकलेला, शिक्षा झालेल्या वर्गासारखा. खाली माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे चकचकीत बूट होते. ते एकदा पुढे झाले, एकदा मागे.

"काय म्हणायचं असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"देव क्षमा करो," आर्तिओम मास्तर खालूनच म्हणाले. "तुम्हीही मला करा. लवकर म्हणा हो, माझी कंबर."

सरांनी म्हटलं. एकेकाकडे वळून, प्रत्येकाला वेगळं. शेवटच्याला म्हणताना त्यांचा आवाज फुटला. आम्ही सरळ झालो तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते.

"ती वाकलेलीच होती," ते म्हणाले. "मी बोलत होतो, तेवढा सगळा वेळ. वक्तशीरपणावर बोललो, जबाबदारीवर बोललो. मला वाटलं लाजतेय. शेवटी मी म्हणालो, जा आता, आणि आत गेलो. ती तशी किती वेळ राहिली असेल?"

मला तिचे लाल गाल आठवले. वाकून वाकून चेहऱ्यात उतरलेलं रक्त होतं ते.

सरांनी कोट घेतला. "पलीकडे कसं जायचं?"

"सर, सभा?" कोणीतरी म्हणालं.

"सभा थांबेल," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकताना आम्हाला वाटलं, आपण स्वप्नात आहोत.

होडी मीच हाकली. सर मधल्या फळीवर दोन्ही हातांनी काठ धरून बसले होते. दुपार असूनही पलीकडचा काठ नव्हता, अलीकडचाही थोड्याच वेळात नाहीसा झाला. वर पांढरं, खाली करडं, आणि मधोमध इस्त्रीचा शर्ट घातलेला एक घाबरलेला माणूस. बर्फाचा एक तुकडा होडीला घासून गेला तसे ते दचकले.

"रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं.

"आज बरं आहे," मी म्हटलं.

पाणी वल्ह्यावरून ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने कुठूनतरी चुलीचा धूर आला, त्याच्या वासावर मी होडी काठाला लावली.

गाशा अंगणात उकिडवी बसून राखेने तवा घासत होती. उपासाच्या पहिल्या दिवशी घरातली सगळी भांडी घासायची असतात, लोण्याचा ओशटपणा राहता कामा नये. आम्हाला बघून ती उभी राहिली. कोपरापर्यंत राख. स्तेपानिदा दारात आली, तिच्यामागून सावा डोकावला.

सरांनी टोपी काढली. ती कुठे ठेवावी कळेना, म्हणून माझ्या हातात दिली. मग ते वाकले. कधी न वाकलेल्या माणसासारखे वाकले, अर्ध्यात अडकले, मग आणखी थोडे.

"गाशा, देव क्षमा करो," ते म्हणाले. "आणि तूही मला कर. उत्तर द्यायला मला उशीर झाला."

गाशाने राखेचे हात मागे घेतले आणि तीही वाकली. "देव क्षमा करो, सर."

दोघेही सरळ झाले. ती एवढा मोठा श्वास सोडत म्हणाली, "आता सांगते. घंटेची जीभ मीच काढली."

"अगं भवाने!" स्तेपानिदा ओरडली.

"काल सांगणारच होते, आई. पण उत्तर मिळायच्या आधी सांगितलं असतं तर तो सौदा झाला असता. मी कबूल करते, तुम्ही सोडून द्या. तसं मला नको होतं." मग ती सरांकडे वळली. "त्या बर्फाच्या दिवशी आम्ही मधोमध होतो. धुकं होतं, पण पाढा नीट चालला होता. पाढा चालला की सगळे गप्प बसतात, वल्हंही एका चालीत पडतं. तेवढ्यात घंटा झाली. घंटा झाली म्हणजे दार बंद होणार. पोरं ओरडायला लागली, हाक गाशा, लवकर हाक. सावा फळी घेऊन उभा राहिला, म्हणाला मीपण मारतो, ताईचे गुण जातील. आणि पाण्यात गेला."

स्तेपानिदाचा हात तोंडावर गेला. "धक्क्यावरून घसरला म्हणालीस मला!"

"कॉलर धरून काढलं मी त्याला. तुला सांगितलं असतं तर तू कोणालाच पाठवलं नसतंस." तिला आता रडू येत होतं, पण ती थांबली नाही. "घंटा वाजली की ही पोरं घाई करतात, सर. दुसऱ्या दिवशी ती वाजवायची पाळी माझ्यावरच आली. दोरी ओढली आणि वाटलं, आत्ता पाण्यात कोणी असेल तर? मी नाही ऐकू शकले तो आवाज. संध्याकाळी चढून जीभ काढली. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणवलं नाही, कारण मला विद्यालयात जायचंय. खूप जायचंय. आणि नाही म्हणवलं नाही, कारण ते खोटं झालं असतं."

सावा आईच्या मागून पुढे आला. "मला पोहता येतं," तो म्हणाला. "थोडं थोडं."

सर तिथेच पालथ्या घातलेल्या होडीवर बसले. चिखल शर्टाला लागला तरी त्यांना कळलं नाही. ते सावाकडे बघत होते, त्याच्या कॉलरीकडे. मी त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख त्याआधी पाहिलं नव्हतं. मनात पूल बांधणाऱ्या माणसाला त्याखालचं पाणी दिसलं होतं.

"तुमच्या रीतीत," शेवटी त्यांनी स्तेपानिदाला विचारलं, "एकदा दिलेली क्षमा परत घेता येते?"

"ओकून टाकलेलं घावन परत खाता येतं का?" स्तेपानिदा डोळे पुसत म्हणाली.

"मग सभेत मी काय सांगू? चोर सापडला म्हणून?"

"सभेत आधीच खोलीभर चोर आहेत सर," मी म्हटलं. "तुमच्याच समोर कबूल झालेत."

ते पहिल्यांदाच हसले, ओठाच्या कोपऱ्यातून. गाशाने आपल्या होडीच्या पुढच्या टोकातून, जाळ्याखालून, जीभ गुंडाळलेलं गाठोडं काढून दिलं. परतताना सरांनी ते मांडीवर घेतलं होतं, तान्ह्या मुलाला घेतात तसं, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

मंगळवारी सकाळी धुकं नेहमीसारखंच होतं. जीभ परत घंटेत लावलेली होती, पण दोरीपाशी पाळीचं पोर नव्हतं. सगळी शाळा अंगणात नुसती उभी होती. आठ वाजून गेले असतील. सरांच्या मनगटाकडे सगळ्यांचं लक्ष होतं, पण त्यांनी बाही खाली ओढून घेतली होती.

"आपण कशाची वाट बघतोय?" एका लहान मुलीने विचारलं.

"आजपासून जो शेवटी येईल, तो घंटा वाजवेल," सर म्हणाले.

मग पाण्यावरून आवाज आला. सात एके सात. सात दुणे चौदा. अजिबात घाई नव्हती. आम्ही उभ्या उभ्या पाढा ऐकत होतो, आणि बेचाळीस आलं तेव्हा अंगणातली पोरंही बरोबर म्हणायला लागली. होडी धक्क्याला लागली. गाशाने एकेकाला उतरवलं. सगळ्यात शेवटी सावा उतरला, कारण त्याचा एक बूट फळीखाली गेला होता. तो धावत आला नाही. सगळ्या शाळेच्या मधून चालत आला, दोरीला लोंबकळला, आणि घंटा अशी वाजली की बोरूच्या बेटांतून बदकं उठली.

वर्गात मी हजेरी घ्यायला बसले. गाशाच्या नावापुढे सोमवारची जागा रिकामी होती. सर दारात उभे होते.

"सर, कालची हिची गैरहजेरी?" मी विचारलं. गाशा बाकावरच्या ओरखड्याकडे बघत होती.

"लावू नका," सर म्हणाले. "काल उशीर माझा झाला होता."